तळघरातलं भाषण

डेल ह्यूबर आमच्या बांधावर उभा होता आणि एक पाऊल आत टाकायला तयार नव्हता. एरवी हा माणूस आमच्या रानातून स्वतःच्या घरात फिरावं तसा फिरायचा. त्या दिवशी मात्र तो गवताच्या कडेला थांबला आणि टोपी मागे सारून वर बघू लागला. वर बघायचं कारण म्हणजे आमचं तण.

"यूडी, हे काय आहे?" त्याने विचारलं.

यूडी म्हणजे माझा नवरा, उदयसिंह चौगुले, मूळ गाव शिरोळ तालुक्यात. आयोवातल्या साडेचारशे वस्तीच्या त्या गावाने त्याच्या नावाची पहिल्याच आठवड्यात काटछाट केली होती आणि तो त्यावर बेहद्द खूश होता.

"थोडं तण वाढलंय," उदय म्हणाला.

थोडं तण उदयच्या डोक्याच्या हातभर वर गेलं होतं. सोयाबीन कमरेएवढं, आणि त्यातून तांबूस देठांची, मनगटाएवढ्या बुंध्यांची झाडं उभी. प्रत्येकाला लांबलचक तुरे आलेले.

"दोनदा फवारलं होतं मी," उदय म्हणाला.

"तेच मला आवडत नाहीये," डेल म्हणाला. "दक्षिणेत, कापसाच्या पट्ट्यात असलं एक तण आहे. औषधाने मरत नाही. एकेका झाडाला लाखो बिया. हे तेच असेल तर मी माझा हार्वेस्टर या रानात घालणार नाही. बी यंत्रात बसतं आणि पुढच्या रानात उतरतं. मला फार वाईट वाटतं, यूडी."

आयोवातली माणसं नाही म्हणायच्या आधी किंवा नंतर वाईट वाटून घेतात. एकदा वाईट वाटून झालं की विषय संपला.

डेल गाडीत बसून गेला आणि उदय बांधावरच उकिडवा बसला. आमच्याकडे हार्वेस्टर नव्हता. त्या भागात दुसऱ्यांची पिकं काढून देणारा डेल एकटाच होता. सोयाबीन वाळलं की दहा-पंधरा दिवसांत शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणजे डेल आला नाही तर आमचं साठ एकरांचं पहिलंवहिलं पीक जमिनीवर सांडणार होतं, आणि उदयची शेतीही त्याबरोबर संपणार होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा आम्हाला त्या गावात येऊन दीड वर्ष होत होतं. त्याआधी वीस वर्षं उदय शहरात इंजिनिअर होता. लहानपणी घरचं रान बघून हा पळायचा. ऊसतोड आली की नेमकी ह्याची परीक्षा यायची. सोळाव्या वर्षी वसतिगृहात गेला तो पुन्हा बांधावर म्हणून फिरकला नाही. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावरचे केस विरळ झाल्यावर, ह्याला मातीची हाक ऐकू आली. तीही आयोवाच्या मातीची. शिरोळची माती चाळीस वर्षं ओरडत होती, तिकडे ह्याचा कान गेला नव्हता.

मग त्याने चौकड्याचे सहा शर्ट घेतले, एक डांगरी घेतली आणि बियाण्याच्या कंपनीची टोपी घेतली. बूट असे घेतले की चिखल लागला तर हा रुमालाने पुसायचा. कॉलेजच्या मित्रांना रोज सकाळी मातीच्या नात्यावर चार ओळी जायच्या. शिकागोहून मित्र सहकुटुंब यायचे, ट्रॅक्टरवर बसून फोटो काढायचे, "यार, जगतोस तू" म्हणायचे आणि माझ्या हातचं जेवून परत जायचे. मी सांगलीतल्या बँक अधिकाऱ्याची मुलगी. शेतीशी माझा संबंध भाजी निवडण्यापुरता. मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात होती आणि सुट्टीतसुद्धा इकडे यायला तयार नव्हती, त्यावरून घरात अक्कल कुणाला होती ते कळावं.

आमच्या घरात शेती येणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. आक्का. त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर एप्रिलमध्ये आल्या होत्या. छत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून बारा एकर ऊस आणि सोयाबीन एकटीने बघितलं, उदयचं इंजिनिअरिंग त्यातूनच झालं. आल्या आल्या त्यांनी आमच्या रानातलं ढेकूळ उचललं, बोटांनी कुस्करलं, वास घेतला.

"जमीन सोन्यासारखी हाय," त्या म्हणाल्या. मग लेकाच्या डांगरीकडे बघितलं आणि पुढचं बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात डेलने शेणखत दिलं. त्याच्याकडे तीनशे जनावरांचा गोठा होता. शेजारी नवीन आहे, पहिलं पीक आहे, म्हणून गाड्याच्या गाड्या खत फुकट पाठवलं. उदयला भरून आलं. त्याने त्या ढिगासमोर उभं राहून फोटो काढला.

आक्कांनी काडीने ढीग उकरला. "कच्चं हाय रं. वरीसभर मुरू दे. आत्ता टाकू नगंस."

"आक्का, इथं सगळं शास्त्रावर चालतं."

"मग शास्त्राला कच्चं आन् मुरलेलं कळत न्हाई व्हय?"

उदय हसला आणि उत्तरेकडच्या तीस एकरांत ते खत पसरलं. उरलेल्या तीस एकरांना पुरलं नाही.

पुढे एकदा डेलने आम्हाला त्याचा गोठा दाखवायला नेलं. परत येताना आक्का नुसत्या उजळल्या होत्या. "अगं शैला, गव्हाणीत सरकी बघितलीस न्हवं? हितं बी जनावरांना सरकी घालत्यात! मला वाटलं ह्येंच्यात काय निराळंच असंल." परदेशात आल्यापासून त्यांना ओळखीचं भेटलेलं पहिलं काही ते होतं. डेलकडे त्या वर्षी मका महाग पडला म्हणून त्याने दक्षिणेकडून सरकी मागवली होती.

जूनमध्ये ते तण उगवलं. आक्कांनी पान चुरगाळून बघितलं. "माठाच्या जातीतलं हाय. कवळं हाय तवर भाजी करू. आन् बाकीचं भांगलून काढाय पायजे, आत्ताच्या आत्ता." भांगलण म्हणजे आमच्याकडे बायका ओळीने रानात बसतात आणि हाताने तण काढतात. उदयने त्यांना समजावलं की साठ एकर कुणी हाताने भांगलत नसतं. मग त्याने औषध मारलं. बाकीचं सगळं तण मेलं आणि हे एकटं मोकळ्या जागेत ऐसपैस वाढलं. पुन्हा मारलं. पुन्हा वाढलं.

शेवटी एकाहत्तर वर्षांची ती बाई इरकलचं नेसून, पायात उदयचे जुने बूट घालून, रोज सकाळी एकटीच रानात जाऊ लागली. चार-पाच ओळी काढायच्या आणि परत येताना पदराच्या ओट्यात कोवळे शेंडे आणायचे. एकदा डेलची बायको मार्लीस रस्त्यावर गाडी थांबवून हे बघत होती.

"हे तुमच्याकडे खातात?" तिने मला विचारलं.

मी केवढी खुलले! लसूण किती, मिरची किती, तेलात जिरं कधी घालायचं, सगळं सांगितलं. तिने मान डोलावून ऐकून घेतलं. पुढे जे झालं त्यातला पहिला पुरावा मीच माझ्या हाताने गोळा करून दिला होता.

तर डेल बांधावरून परत गेला त्या संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. आक्कांना सगळं सांगितलं.

"बरूबर हाय त्येचं," आक्का म्हणाल्या. "मी असते तर मी बी यंत्र घातलं नसतं."

"आक्का, तुम्ही कुणाच्या बाजूच्या आहात?" उदय वैतागला.

"तणाच्या न्हाई येवढं खरं. हे बघ. उत्तरंच्या तीस एकरात हाय, दक्षिणंला एक काडी न्हाई. मधी नुसती एक सरी हाय. असं का?"

उदय खिडकीतून रानाकडे बघू लागला.

"जितं खत पडलं तितंच उगवलंय. त्या सरकीतनं आलंय हे. कापसाच्या रानातलं बी सरकीत, सरकीतनं जनावराच्या पोटात, तितनं शेणात, आन् तू ते कच्चंच टाकलंस. डेलदादाला सांग. बिचाऱ्याला ठावं नसंल. त्येच्याकडं अजून ढीग पडलाय, तो बी टाकंल आपल्या रानात."

मला ते इतकं सरळ दिसलं की मी उदयकडे बघून म्हटलं, "खरंच की. उद्याच जाऊन सांग त्यांना."

"काय सांगू?" तो उसळला. "की बाबा रे, तू प्रेमाने फुकट दिलेल्या शेणातून हा रोग आलाय? आणि मग लगेच म्हणू, की आता तुझा हार्वेस्टर घेऊन ये? अख्ख्या गावात त्याच्या गोठ्याचं नाव खराब करू? शैला, तुला इथलं काही कळत नाही."

"मग काय करणार?"

"बघतो."

बघायचं काम मार्लीसने सोपं केलं. दुसऱ्याच दिवशी ती भोपळ्याचा केक घेऊन आली, खुर्चीत टेकली आणि हळूच म्हणाली, "शैला, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या सासूबाईंनी ते बी येताना बरोबर आणलं होतं का? आम्ही कुणाला सांगणार नाही." म्हणजे गावात सगळ्यांना सांगून झालं होतं.

मी "छे!" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात फ्रिजपाशी उभा असलेला उदय म्हणाला, "माझ्या आईला त्या भाजीची फार आवड आहे."

वाक्यात खोटं काही नव्हतं. त्याने ते वाक्य बोलून ग्लासात पाणी ओतून घेतलं.

मार्लीसचा चेहरा एकदम सैलावला. "म्हणजे ते दक्षिणेतलं तण नाहीच तर! ही तुमच्याकडची भाजी. उष्ण देशातली. मग ती आमच्या हिवाळ्यात कशाला टिकते!"

ती गेल्यावर मी उदयवर तुटून पडले. तो शांत होता. इतका शांत त्याला मी त्या महिन्यात बघितलं नव्हतं.

"शनिवारी चर्चमध्ये जेवण आहे," तो म्हणाला. "तिथे बोलतो मी सगळ्यांशी."

"काय बोलणार?"

"बघतो म्हटलं ना."

सुगीच्या आधी त्या गावात एक सामुदायिक जेवण असतं. चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडतात, प्रत्येक घर एक पदार्थ आणतं. मक्याचे, बटाट्याचे, चीजचे असे भाजलेले पदार्थ येतात, आणि हिरव्या रंगाची एक थरथरणारी जेली, जिला ते लोक सॅलड म्हणतात. आक्कांनी दोन दिवस खपून साठ करंज्या केल्या होत्या. ठेवणीतलं इरकल नेसल्या होत्या, अंबाड्यावर मार्लीसच्याच बागेतलं झेंडूचं फूल. टेबलाशी ताठ बसून सगळ्यांना नमस्कार करत होत्या. भोवती साठ-पासष्ट माणसं. सगळी त्यांच्याकडे हसून बघायची आणि मग एकमेकांकडे बघायची.

जेवणं झाल्यावर डेल उठला. प्रार्थना झाली, कुणाची काढणी कधी ते झालं. मग तो म्हणाला, "यूडीला दोन मिनिटं बोलायचंय."

उदय उभा राहिला. त्या दिवशी डांगरी नव्हती, इस्त्रीचा शर्ट होता. त्याने दोन्ही हात जोडले. आयोवात कुणी माणसांसमोर हात जोडत नाही, त्यामुळे तळघर एकदम चिडीचूप झालं.

"माझी आई खेड्यातली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "शाळा शिकलेली नाही. तिला नियम माहीत नाहीत. येताना तिने आपल्या आवडत्या भाजीचं मूठभर बी पदरात बांधून आणलं आणि माझ्या रानात टाकलं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ती उष्ण प्रदेशातली भाजी आहे, इथल्या बर्फात मरून जाईल. पण तुम्हा सगळ्यांना काळजी लागली, त्याबद्दल तिच्या वतीने मी माफी मागतो. आम्ही नवीन आहोत. आम्हाला सांभाळून घ्या."

आक्का सातवी पास होत्या. त्या काळात त्यांच्या गावात सातवी झालेल्या बायका दोन. त्यांनी मूठभर काय, चिमूटभर बीसुद्धा आणलं नव्हतं. परदेशातून बी चोरून आणणं तिथे गुन्हा आहे, तोही ह्याने आईच्या नावावर मोकळ्या मनाने लिहून दिला. मला माझ्या नवऱ्याची त्या क्षणी किळस आली. आणि त्याच क्षणी माझ्या मनात हेही आलं, की आता डेल येईल.

"काय म्हणाला गं?" आक्का माझ्या कानाशी लागल्या.

काय सांगणार होते? "तुमचं कौतुक केलं."

"माझं? कशापायी?"

"तुम्ही शेती करून त्याला शिकवलंत, म्हणून."

आक्कांचा चेहरा हलला. "येवढ्या लोकांत?" त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने डोळे टिपले.

ते सगळ्या तळघराने बघितलं. म्हातारीला पश्चात्ताप झाला! पलीकडच्या टेबलावर दोन बायकांनी रुमाल काढले. मार्लीस उठून आली आणि तिने आक्कांना घट्ट मिठी मारली. आक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, त्यावर आणखी चार बायका हळहळल्या.

इथे सगळं संपलं असतं. पण आक्का उभ्या राहिल्या.

"शैला, मला बी दोन शब्द बोलायचं हाईत. तू विंग्रजीत सांग."

"आक्का, राहू द्या ना."

"येवढा मान दिला लोकांनी, आन् मी मुक्यावानी बसू?"

त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि बोलायला सुरुवात केली. ग्रामसभेत पाण्याच्या पाळीवरून भांडलेली बाई ती, आवाज खणखणीत.

"रामराम. माझ्या लेकाला तुमी संभाळून घेतलं, लई बरं वाटलं. डेलदादांनी खत दिलं, मोठ्या मनानं दिलं. पर दादा, तण त्या खतातनंच आलंय. तुमच्या सरकीत बी हाय त्येचं. तुमचा काय दोष न्हाई, तुमाला ठावं नव्हतं. पर आता तो ढीग रानात टाकू नगा, कुणाला दिऊ नगा, वरीसभर मुरवा. दुसरं म्हंजे, आमचं रान समद्यात शेवटाला काढा. आदी तुमची समद्यांची काढा, मंग आमचं. आमचं थोडं सांडलं तर सांडू दे. आन् काढून झालं की यंत्र आतनं-भाईरनं झाडून घ्या, दोन मान्सं लावून, एक दाणा ऱ्हाता कामा नये. न्हाईतर दोन वर्सात समद्या गावात हे हुईल आन् मग कुणाच्या बाच्यानं निघणार न्हाई. आमच्यात बी असंच झालं व्हतं, गाजरगवताचं. तवा बी कुणी ऐकलं न्हाई."

मग माझ्याकडे वळून, "सांग आता. नीट सांग."

पासष्ट माणसं माझ्याकडे बघत होती. मी उदयकडे बघितलं. त्याने काही खूण केली नाही, डोळे वटारले नाहीत, विनवणीही केली नाही. करायला हवी होती, म्हणजे आज मला सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं. डेल पहिल्या टेबलाशी बसला होता. "डेलदादा" हा शब्द त्याने ऐकला होता, त्यातलं त्याचं नाव त्याला कळलं होतं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मी उभी राहिले.

"त्या म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले, "की माझी चूक झाली, मला माफ करा. डेल फार मोठ्या मनाचे आहेत. तुम्ही सगळे फार दयाळू आहात." आणि तेवढ्यावर थांबले नाही. "जेवणही फार छान होतं, असं म्हणतात त्या."

सगळ्यात आधी डेल उठला आणि टाळ्या वाजवू लागला. मग खुर्च्या सरकल्या आणि सगळं तळघर उठून उभं राहिलं. टाळ्या थांबवल्या त्याही डेलने सगळ्यांत शेवटी.

"येवढंच व्हतं व्हय?" आक्कांनी विचारलं. "मी तर किती येळ बोलले."

"इंग्रजीत थोडक्यात होतं, आक्का."

"बरं हाय की." त्या टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघत होत्या. "पटलं म्हणायचं लोकांना."

त्यानंतर साठच्या साठ करंज्या पाच मिनिटांत संपल्या. क्षमा केली की माणसांना भूक लागत असावी. डेलने उदयचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आपल्या आयांचं असंच असतं, यूडी. मंगळवारी येतो."

आणि तो खरंच आला. आमचं पीक आधी वाळलं होतं आणि आठवड्याच्या शेवटी पाऊस सांगितला होता, म्हणून त्याने सगळ्यांच्या आधी आमचंच रान धरलं. गावात याचंही कौतुक झालं. दीड दिवसात साठ एकर रिकामं. सोयाबीन आणि तणाचे तुरे, सगळं त्या यंत्राच्या तोंडात गेलं आणि मागून धुरळा उडत राहिला. तो धुरळा बघून आक्का बेचैन झाल्या. काढणी संपल्यावर डेलने हवेचा पाइप घेऊन यंत्रावर पंधरा मिनिटं फिरवला, टोपी हलवली आणि यंत्र रस्त्याला लावलं. आक्का खराटा घेऊन मागे धावल्या. बूट, इरकल, हातात खराटा, "ओ दादा! ओ दादा, झाडाय पायजे!" डेलने केबिनमधून हसून हात केला. त्याला वाटलं, म्हातारी निरोप देतेय. उदयने फोटो काढला. तो फोटो मित्रांना फार आवडला.

"भर सभेत सांगितलं व्हतं की," आक्का धापा टाकत म्हणाल्या. "इसरला वाटतं."

"घरी जाऊन झाडणार आहेत," मी म्हटलं. पहिल्या खोट्याला जरा तरी वेळ लागला होता. हे आपोआप आलं.

ऑक्टोबरमध्ये आक्का परत गेल्या. गावाकडून चुलत दिराचा फोन आला तेव्हा कळलं की त्या भेटेल त्याला सांगतायत: अमेरिकेत पन्नास-साठ शेतकरी माझं ऐकून उभं राहिलं, टाळ्या वाजवल्या. गावातल्या महिला मंडळाने त्यांचा नारळ देऊन सत्कार केला. उदयने दोन हजार रुपये पाठवले, सत्काराचा फोटो फ्रेम करायला.

पुढच्या जूनमध्ये डेलच्या रानात ते उगवलं. मग त्याच्या पलीकडच्या दोघांच्या. जुलै संपेपर्यंत सात जणांच्या रानात होतं, डेलने ज्या क्रमाने पिकं काढली होती त्याच क्रमाने. हिवाळ्यात तापमान उणे पंचवीस झालं होतं, त्याचा त्या तणाला काही फरक पडला नव्हता. डेलचा नातू औषधाची टाकी घेऊन दिवसभर फिरत होता आणि ते तण मरत नव्हतं. डेलने आपला ढीगही त्या वसंतात स्वतःच्या रानात टाकला होता.

मार्लीस आली. या वेळी केक नव्हता. पण तिने माझा हात हातात घेतला. "तुझ्या सासूबाईंना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "म्हातारं माणूस. जिवाला लावून घेतील. आम्ही त्यांना कधीच माफ केलंय."

मी तिला म्हटलं, "थँक यू."

त्या रविवारी आक्कांचा फोन आला. उदय बाहेर होता, म्हणजे असं तो म्हणाला. आक्कांनी सगळ्यांची चौकशी केली. मग विचारलं, "आन् ते तण?"

मला वाटलं, नाही म्हणावं. पण एवढ्या थापा मारून मी थकले होते. "आलंय परत, आक्का."

"आपल्याच रानात?"

"सगळ्यांच्या. सात जणांच्या. डेलच्या पण."

 पलीकडे मागे कुठे तरी पाण्याची मोटर चालू होती.

"टाळ्या वाजवल्या," आक्का म्हणाल्या, "आन् ऐकलं न्हाई कुणी. हितल्यासारखीच मान्सं की गं तिकडं बी."

मी हं म्हटलं.

"मला वाटलं व्हतं, शिकलेली मान्सं हाईत. एक बाई येवढी जीव तोडून सांगतीया तर..." त्या थांबल्या. "शैला."

"काय, आक्का?"

"तू नीट सांगितलं व्हतंस न्हवं?"

"शब्दन् शब्द," मी म्हणाले.